चुंबक न चिकटणारी तलवार

रविवार, ४ ऑगस्ट २०२४

सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी तलवार घरी आली. आणून देणारा म्हणाला, "काका, पडद्याचा रॉड ना? इथे सही करा." मी सही केली. अज्ञानाशी दारात उभं राहून वाद घालू नये.

नोंद: एकूण लांबी १०३ सेंटिमीटर. पातं ७१.२ (पोलादी पट्टीने मोजलं, व्हर्निअर तेवढा उघडत नाही). वजन ६८० ग्रॅम, शालनच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर, दोन वेळा. घाट जपानी समुराईंच्या तलवारीचा, पण काळ पुढचा, अजून यायचा असलेला. पातं काळं, मधोमध निळी रेघ. मुठीवरचं बटण दाबलं की रेघ पेटते. तीन प्रकारे: सलग, लुकलुकत, आणि श्वास घेतल्यासारखी. चार्जिंगची पिन मुठीच्या बुडाशी. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, 'अस्सल हाय-कार्बन पोलाद, हाताने घडवलेलं'.

या विषयाचा मी चार वर्षं अभ्यास केलाय. क्लास लावून नव्हे. दहावीनंतर मी कुठलाच क्लास लावलेला नाही. नौपाड्यात ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्यांच्या दुकानात लागलो तेव्हा छिन्नी कशी धरायची हेसुद्धा कुणी दाखवलं नव्हतं. बघून बघून शिकलो. सव्वीस वर्षांत नौपाड्यातल्या किती डॉक्टरांच्या पितळी पाट्या माझ्या हातून गेल्या, त्यांचं त्यांना ठाऊक. आता दुकानात लेझर मशीन आहे, तेही मीच चालवतो. छिन्नी घरी खणात पडून असते.

शालनने तलवार बघितली आणि फक्त एवढंच विचारलं, "हे आपल्या घरात कशाला?"

"अगं, समुराई लोक बौद्धच होते. ध्यान करायचे."

"मग ध्यान करा की. त्याला चार्जिंग लागत नाही."

जागेवरूनही वाद झाला. हॉलची मोठी भिंत योग्य होती, पण तिथे बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. "त्या भिंतीवर नाही," एवढं बोलून ती पोळ्या लाटायला गेली. सध्या तलवार चपलांच्या रॅकच्या वर लावली आहे. ही सोय तात्पुरती आहे.

मंगळवार, ६ ऑगस्ट

रीतसर चाचण्या घेतल्या.

१. चुंबक: फ्रिजवरचं चुंबक पात्याला लावलं. चिकटलं नाही, घसरून पडलं. पातं आधुनिक मिश्रधातूचं असल्यामुळे हे साहजिक आहे.

२. कागद: वर्तमानपत्राचं पान उभं धरून वार केला. पान कापलं नाही, दुमडलं. हवेत दमटपणा ८८ टक्के. कागद ओलसर होता.

३. टोमॅटो: दबला. शालनचे टोमॅटो फार पिकलेले असतात.

निष्कर्ष: तलवार उत्तम. बाकी सामग्री निकृष्ट.

रविवार, ११ ऑगस्ट

काल संध्याकाळी निळी रेघ विझली. मी बेचैन झालो. प्रियांका म्हणाली, "पप्पा, माझ्या ओळखीत एक जण आहे, आयटीआय इलेक्ट्रिशियन. आमच्या लॅबचं सगळं वायरिंग त्यानेच केलंय. उद्या बोलवू?" मुलगी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे, पण वेळेवर नेमका माणूस शोधते. माझ्यावर गेलीय.

मुलगा आला. नाव प्रितम. आंबिवलीच्या पुढच्या गावातला आगरी मुलगा, वय २७. महापालिकेच्या अग्निशमन दलाच्या यादीत नाव लागलंय. धावणं, छाती, मेडिकल सगळं झालंय, फक्त पोलीस पडताळणी बाकी आहे. पिन सैल झाली होती, ती त्याने चार मिनिटांत बसवली. मग तलवार हातात घेऊन म्हणाला, "काका, एक नंबर पीस आहे हा!"

सव्वीस वर्षांत माझ्या कोणत्याही कामाला कुणी इतक्या मनापासून दाद दिली नव्हती. त्याला दोन हातांची पकड शिकवली. उजवा वर, डावा खाली, जोर डाव्यात. तो म्हणाला, पुढच्या रविवारी परत येऊन सराव करतो.

रविवार, २२ सप्टेंबर

पिनबाबत एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. ती नेहमी शनिवारीच सैल होते. सलग सातवा शनिवार. शुक्रवारी रात्री झोपताना बघितली तर घट्ट असते. शनिवारी प्रियांकाला सुट्टी असते, ती घर झाडते, पुसते. तेव्हा खिडक्या उघड्या राहतात, त्यामुळे हवेचा परिणाम होत असावा. प्रितम दर रविवारी येतो आणि बसवून देतो. पैसे घेत नाही. तलवारीचं असं वेड या वयात विरळं.

एक गोष्ट मात्र खटकते. रविवारी मला उपमा असतो आणि त्याला पोहे, वर खोबरं. शालनला विचारलं तर म्हणाली, "त्याला पोहे आवडतात." हे तिला कुठून कळलं?

मग तिनेच विचारलं, "तुम्हाला हा मुलगा कसा वाटतो?"

मी विचार करून सांगितलं, "हात स्थिर आहे. डावा अंगठा चुकीचा ठेवतो."

"अहो, मी अंगठ्याचं नाही विचारत!"

"मनगट मग? मनगट चांगलं आहे."

ती उठून गेली. बायकांना शस्त्रविद्येत रस नसतो.

शनिवार, १२ ऑक्टोबर

अशोक विजयादशमी. सकाळी वंदना झाली. नंतर मी तलवार लवंगाच्या तेलाने पुसत होतो (जपानी पद्धत, तेल मात्र शालनच्या दातदुखीच्या बाटलीतलं). ती मागे येऊन उभी राहिली.

"आज कोणता दिवस आहे?"

"विजयादशमी."

"सम्राट अशोकाने आजच्या दिवशी तलवार खाली ठेवली. तुम्ही तेल लावून वर टांगताय."

मी उरलेलं तेल पुसून घेतलं.

दुपारी प्रियांका माझ्याजवळ येऊन बसली. हातात काही नव्हतं, मोबाईलसुद्धा नाही. म्हणाली, "पप्पा, मला तुमच्याशी एक बोलायचंय."

"पिन पुन्हा गेली का?"

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "हो."

रविवार, १० नोव्हेंबर

आज नाथाशेठचा, म्हणजे प्रितमच्या वडिलांचा साठावा वाढदिवस. आम्हा तिघांना मुद्दाम बोलावणं होतं. प्रितम आठवडाभर म्हणत होता, "काका, बाबांना तुम्हाला भेटायचंच आहे." साहजिक आहे. मुलाने घरी तलवारीचं वर्णन केलं असणार. म्हणून तलवार चादरीत गुंडाळून रिक्षातून नेली. रिक्षात प्रियांका दोनदा म्हणाली, "पप्पा, आज नको ना ही. प्लीज, आज नको." वीस वर्षांनंतर तिला या दिवसाचं मोल कळेल.

मोठा मंडप, प्रवेशद्वारावर नाथाशेठचा गॉगल घातलेला बॅनर, तीन मजली केक. नाथाशेठ पांढऱ्या कपड्यांत. माणूस साधा, आवाज मोठा. मला बाजूला खुर्चीवर बसवून म्हणाले, "चांगदेवभाऊ, आज तुमचेशी येक गोष्ट बोलाची व्हती. पोऱ्यांची."

मी म्हटलं, "तलवारीचीच ना? थांबा, आधी म्यान दाखवतो."

म्यानाचा लाखेसारखा थर, दोरीची सोळा पदरी वीण, सगळं समजावलं. पंचवीस मिनिटं लागली. ते ऐकत होते आणि मधूनमधून प्रितमकडे बघत होते. शालन आणि त्यांची बायको कमळाबाई तोवर आत चुलीपाशी काय बोलत बसल्या होत्या, देव जाणे.

केक कापायला प्लास्टिकची सुरी आणलेली बघून मला राहवलं नाही. मी तलवार काढली, निळी रेघ पेटवली. मंडपात शिट्ट्या वाजल्या. नाथाशेठ दोन पावलं मागे सरकले. "माना नको बाबा! तुमीच धरा." मी प्रितमच्या हातात दिली. तो म्हणाला, "काका, निवडणुकीचे दिवस आहेत, लोक मोबाईल घेऊन उभे आहेत." मी म्हटलं, "मग पकड नीट दाखव!" आणि बाजूला राहून सूचना देत राहिलो.

केक म्हणावा तसा कापला गेला नाही. वरचा मजला खालच्या मजल्यात बसला. केकचा स्पंज फार मऊ होता.

आम्ही निघालो तेव्हा नाथाशेठ म्हणाले, "तं गोष्ट ऱ्हायलीच." मी म्हटलं, पुढच्या वेळी चार्जिंगचं दाखवतो.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

व्हिडिओ पसरलाय. एका स्थानिक बातम्यांच्या पेजवर मथळा: 'आंबिवलीजवळ नंग्या तलवारीने केक कापला!' व्हिडिओत प्रितम दिसतो. मी दिसत नाही, माझा आवाज येतो: "डावा हात खाली! डावा!"

मजकुरात चार चुका. तलवार 'तीन फुटी' नाही. 'देशी बनावटीची' तर मुळीच नाही. मी लगेच खाली माझ्या पूर्ण नावाने दुरुस्ती टाकली: 'सदर तलवार माझी असून पाते ७१.२ सेंमी आहे. ती अस्सल हाय-कार्बन पोलादाची, हाताने घडवलेली व अत्यंत धारदार आहे. माध्यमांनी तपशील तपासून लिहावे.'

दीडशे जणांनी हसण्याचं चिन्ह टाकलं. पण नोंद बरोबर झाली.

बुधवार, १३ नोव्हेंबर

दुकानातून आलो तर घरात दिवा लागला नव्हता. प्रियांका भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. प्रितमला पोलीस ठाण्यात बोलावलंय. त्याच ठाण्यातून त्याची नोकरीची पडताळणी व्हायचीय.

"त्याने सांगितलं होतं साहेबांना की शोभेची आहे, कुणाला लागणारसुद्धा नाही," ती म्हणाली. "ते सोडतही होते. मग त्यांच्यातल्या एकाने तुमची कमेंट उघडून दाखवली. 'अत्यंत धारदार.' पप्पा, गुन्हा नोंदला तर त्याची नोकरी गेली. आणि त्याच्या बाबांनी सांगितलंय, नोकरी लागली तरच..."

"तरच काय?"

शालन आतून म्हणाली, "सांग आता. की त्यांना चार्जर आणून देऊ?"

मी विषय तिथेच थांबवला. मला जेवण गेलं नाही. तलवारीखाली चपला काढताना पहिल्यांदाच वर बघितलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

सगळं जसं झालं तसं लिहितो.

दुकानात रजा सांगितली. सकाळी साडेदहाला तलवार, तिचं खोकं आणि ही दैनंदिनी घेऊन ठाण्यात गेलो. प्रितम आणि नाथाशेठ बाकावर बसले होते. नाथाशेठनी आज गॉगल लावला नव्हता. टेबलाच्या पलीकडे उपनिरीक्षक ऋजुता मॅडम.

"कमेंट तुमची?"

"हो."

"काका, माझ्यापुढे दोनच रस्ते आहेत. ही धारदार असेल तर कलम लागतं. शोभेची असेल तर समज देऊन मोकळं करता येईल. पण मालक स्वतः जगाला सांगतोय, अत्यंत धारदार. आता तुम्हीच लिहून द्या, कोणतं खरं."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी पेन काढलं. उघडलंच नाही.

चार वर्षं. दुकानात आम्ही जे चषक विकतो ते सोन्यासारखे दिसतात, आत पत्रा असतो. कोरताना मला रोज ते हाताला कळतं. आयुष्यात एक तरी वस्तू अशी असावी की वरून दिसते तीच आतूनही असावी, एवढंच मला हवं होतं. हे मी मॅडमना सांगितलं नाही. इथे लिहितोय.

मी दैनंदिनी उघडून ६ ऑगस्टचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. "तारखेसह पुरावा आहे."

मॅडमनी मोठ्याने वाचलं. चुंबक चिकटलं नाही. कागद दुमडला. टोमॅटो दबला. मागे हवालदार होते, त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं.

"म्हणजे तुम्हाला पहिल्या आठवड्यातच माहीत होतं?"

"माहीत होतं," मी म्हटलं. "मान्य नव्हतं."

मग मॅडम पुढची पानं उलटायला लागल्या. ते मी सांगितलं नव्हतं. पण थांबवणार कसा? त्यांनी सप्टेंबरचं पान वाचलं. शनिवारी पिन सैल होते. सलग सात. रविवारी पोहे, वर खोबरं. त्यांनी वही खाली ठेवली, प्रितमकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काका, तुम्ही इतकं मोजमाप लिहिता. लांबी किती, पातं किती, हवेतला दमटपणा किती. ही पिन कोण सैल करत होतं, ते नाही कळलं?"

मी प्रितमकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता, कान लाल झाले होते. अग्निशमन दलात निवडलेला मुलगा, आणि कान असे.

"हा तलवार बघायला येत नव्हता हो," मॅडम म्हणाल्या.

नाथाशेठनी गुडघ्यावर हात आपटला. "तवा तीच गोष्ट बोलाची व्हती माना! तुमी म्यान दाखवत बसले!"

हवालदार आता उघड हसत होते. मी पेन उघडलं. मॅडम म्हणाल्या, "'नकली' असं लिहा." मी ते लिहिलं नाही. 'खेळणं'ही लिहिलं नाही. लिहिलं ते असं: 'वर नमूद वस्तू शोभेची आहे. धातू लोखंड किंवा पोलाद नाही. धार नाही. टोमॅटोही कापत नाही. समाजमाध्यमावरील माझे विधान चुकीचे होते. व्हिडिओतील आवाज माझा आहे. सूचना मी दिल्या, प्रितमने फक्त ऐकल्या.' खाली सही, तारीख, वेळ ११.५२.

मॅडमनी प्रितमला समज दिली, मला जास्त दिली. तलवार मतमोजणी होईपर्यंत ठाण्यात राहील. पावती घेतली. पावतीवर लिहिलंय, 'शोभेची वस्तू, नग १'.

बाहेर आल्यावर प्रितम म्हणाला, "काका, मला पहिल्याच दिवशी कळलेलं. मूठ उघडली तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात..."

मी त्याला चहा पाजला. अंगठ्याबद्दल काही बोललो नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

चार दिवस काही लिहिलं नाही. खरं सांगायचं तर राग होता. मुलगी आपल्या समाजाबाहेर देणं हे मी कधी मनात आणलं नव्हतं. स्वतःला फार पुढचा समजायचो. तलवारसुद्धा पुढच्या काळातली घेतली, पण मन कुठे राहिलंय ते तपासलं नाही. माझे चुलतभाऊ काय म्हणतील याची मी यादी केली. अकरा नावं झाली. शालनने यादी वाचली आणि म्हणाली, "यातल्या एकानेही मुलीला कधी फी दिलेली आठवतेय का?" मी एकेक करून खोडली.

नाथाशेठचा फोन आला. "गाव बोलंल, चांगदेवभाऊ. बोलू दे. केक बसला त्येचं बी अजून बोलतेत."

प्रियांका संध्याकाळी शेजारी येऊन बसली. मी विचारलं, "पिन कशाने सैल करायचीस?"

"केसातल्या पिनेने."

"काम सफाईदार आहे," मी म्हटलं. ती हसली, मग रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ, ते मोजलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

पडताळणी डिसेंबरमध्येच पार पडली. प्रितम एक तारखेपासून कामावर आहे. लग्नाची नोंदणी सोमवारी झाली. उद्या सकाळी विहारात मंगल परिणय, संध्याकाळी त्यांच्या मंडपात. आज गावात हळद.

अंगणात धवलारीण बाई लग्नाची गाणी म्हणत होत्या. मतमोजणीनंतर मी ठाण्यातून परत आणलेली तलवार कमळाबाईंनी निरोप धाडून मागवली होती. आल्याआल्या म्हणाल्या, "आमच्यान हळद लागली का नवऱ्याचे हातान लोखंड पायजे, टोकाला लिंबू. दिष्ट लागत नाय. सगले कट्यार घेतात. आमचा पोऱ्या तुमची तलवार घेल, तिचेनंच त जमलं." असं म्हणून त्यांनी लिंबू टोकावर दाबलं. लिंबू घुसेना. पुन्हा दाबलं. टोक थोडं वाकलं. लिंबू तसंच. भोवती शंभर-सव्वाशे बायका, माझे चुलतभाऊ (अकरापैकी नऊ आले होते), मोबाईल वर धरलेले.

"लोखंडच हाय ना?" कमळाबाईंनी विचारलं.

प्रितम माझ्याकडे बघत पटकन म्हणाला, "हाय गं आई, हाय!"

त्याने मला वाचवायला खोटं सांगितलं होतं. पण हातात खरं लोखंड पाहिजे ते त्याच्याच भल्यासाठी. दृष्टबिष्ट मी मानत नाही. पण त्या बाईने मागितलेली वस्तू लोखंड होती, आणि तपशील तो तपशील.

"नाही वहिनी," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "लोखंड नाही. शोभेची आहे. चुंबक चिकटत नाही."

मी खिशातून छिन्नी काढली. सकाळी खणातून घेऊन निघालो होतो. का, ते निघताना शालनने विचारलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वीची, मुठीला माझ्या अंगठ्याचा खड्डा पडलेली. शालनने हळदीच्या दोऱ्याने ती तलवारीच्या टोकाला घट्ट बांधली. कमळाबाईंनी लिंबू दाबलं. एका दाबात आरपार.

प्रितमने निळी रेघ पेटवली, श्वास घेतल्यासारखी. मग मूठ धरली. उजवा वर, डावा खाली. अंगठा बरोबर होता.

नोंद: छिन्नी, लांबी ११.४ सेंटिमीटर. घरी आल्यावर फ्रिजचं चुंबक लावून बघण्याची गरज नव्हती. तरी शालनने निघायच्या आधीच लावून बघितलं होतं, असं ती आत्ता सांगतेय. चिकटलं.